अपाय नसतो, हे कुणी सांगितलं?

‘झाडपाल्याचंच तर औषध आहे, गुण आला नाही तरी अपाय होत नाही.’ वाशीम जिल्ह्यात मालेगावापासून मानोऱ्यापर्यंत कुठल्याही ओट्यावर हे ऐकायला मिळतं. कोरोनाच्या दिवसांत व्हॉट्सॲपमुळे त्याला आणखी पाय फुटले. बोलणाऱ्याला वाटतं, आपण परंपरेची बाजू घेतोय. माझ्या मते परंपरेची याहून मोठी बदनामी दुसरी नाही.

बिबाच घ्या. टाचेत काटा मोडला की सुईला बिबा टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की नेमक्या दुखऱ्या जागी चटका द्यायचा, हा वऱ्हाडातला जुना उपाय. पण घरात बिबा कुणाला उततो हे म्हातारीला पाठ असे आणि त्या माणसाला ती बिब्याच्या डब्याजवळही फिरकू देत नसे. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात त्या तेलानं काळे पडतात, फोडांनी भरतात. निसर्गातलं सगळं निर्धोक असतं, हे त्यांना सांगून पाहा.

बाळघुटीचंही तेच. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा उगाळायचा. कशाचे किती वळसे घ्यायचे हे ठरलेलं. तान्ह्याला एकेक वळसा, मग बाळाच्या वयाबरोबर वाढवत न्यायचे. वेखंड जास्त झालं तर पोर ओकतं, हे ठाऊक असल्यामुळेच हात आवरता. म्हणजे जिला आपण अडाणी म्हणतो तिला मात्रा कळत होती, आणि डब्यातलं चूर्ण चमच्यानं ओतणाऱ्या तिच्या शिकलेल्या नातवाला कळत नाही. अर्थात तिचंही सगळंच बरोबर नव्हतं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, आणि वर्षाच्या आत मध मुळीच नको, असं आज वैद्यकशास्त्र सांगतं. मधातल्या जंतूंचं विष तान्ह्या आतड्यात तयार होऊ शकतं. घुटीच्या वाटीतला मध सुटला तर परंपरा बुडत नाही.

गुळवेलीचा वादही पाहा. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली : ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. दोघांपैकी कुणाचंही खरं माना. एकाच्या मते औषध बाधलं, दुसऱ्याच्या मते ओळख चुकली. ‘अपाय होत नाही’ हे वाक्य दोन्हीकडून पडतं.

आता घरगुती औषधांना हसणाऱ्यांकडे वळू. त्यांना हे सगळं थोतांड वाटतं. पण कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातल्या द्रव्याच्या अभ्यासातून घडलं, आणि ओव्यातलं थायमॉल आजही जंतुनाशक म्हणून वापरात आहे. सोयाबीन सोंगताना बोटाला इळा लागला की कंबरमोडीचा पाला चोळून रस पिळतात आणि रक्त थांबतं. ही कंबरमोडी मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे तण म्हणून आलेली. कुठल्या पोथीनं सांगितलं म्हणून नव्हे, तर वापरून गुण दिसला म्हणून शेतातल्या माणसांनी ती आपलीशी केली. घरगुती औषधांची परंपरा ही अशी, पारखून घेणारी. मात्र जखमेत मातीबरोबर गेलेले धनुर्वाताचे जंतू त्या रसानं मरत नाहीत, त्याला सुईच लागते. मण्यार चावल्यावर तर पाला शोधत बसणं म्हणजे जीव घालवणं. तिथे सरकारी दवाखान्यातली प्रतिविषाची लसच हवी.

हळदीच्या पेटंटचा दाखला दोन्ही पक्ष चुकीचा देतात. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेनं 1995 मध्ये दिलं आणि शास्त्रज्ञ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेच्या आक्षेपावरून 1997 मध्ये रद्द केलं. त्या निकालानं हळदीचा गुण सिद्ध झाला नाही. ठरलं एवढंच, की हा शोध नवा नाही. आणि तेही भावना दुखावल्या म्हणून नव्हे, छापील पुरावे मांडले म्हणून. परंपरेचा अभिमान मिरवायचा तर ही शिस्तही घ्यावी लागेल.

गंमत अशी, की परंपरेच्या नावानं सर्वांत मोठ्यानं बोलणारेच तणनाशकाचा पंप पाठीला लावून शेताचा धुरा साफ जाळतात. तरोटा, आघाडा, कंबरमोडी, घेटुळी सगळं त्या धुऱ्यावरचंच. पोरांना ही झाडं ओळखता येईनात, यात नवल काय? ज्याला झाड ओळखता येत नाही त्यानं त्याचं चूर्ण विश्वासानं खावं, हा व्यवहार मला पटत नाही.

तेव्हा एक करा. धुऱ्याचा निदान एक पट्टा फवारणीतून वगळा आणि जाणत्या माणसाबरोबर पोरांना तिथे न्या. खोकला, ताप दोन दिवसांत हटला नाही तर दवाखाना गाठा, आणि डॉक्टरसमोर बसल्यावर घरी घेतलेल्या काढ्याचं नाव लपवू नका.