मांजराचा दूधभात

मांजरास दूधभात घालावा, ही आपल्या शाकाहारी घरांतील जुनी रीत. पूर्वीची मांजरे त्यावरच धष्टपुष्ट राहिली, असे आजी सांगते. मला ते पटत नाही. ती जगली कोठीतल्या उंदरांवर! मांजराच्या शरीरात टॉरिन हे द्रव्य पुरेसे तयार होत नाही. निसर्गतः ते मांसातूनच मिळते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली संशोधकांनी दाखविले. नुसत्या मांसाच्या फोडीही पुरत नाहीत, कारण त्यांत कॅल्शियम फार थोडे. उंदीर मात्र हाडे-काळजासकट पोटात जातो. आज बंद सदनिकेतील मांजरास उंदीर कोठला? आपण वाढू तेवढेच त्याचे अन्न. आपला आहारनियम आपण समजून-उमजून पाळतो. मांजराने तो कधी स्वीकारला? घरात मांस चालत नसेल, तर खुशाल ससा पाळावा.