आधी ताट खाली आणा

पाहुणा पायाने अधू. त्याला ओसरीवर बसवावे, फराळाचे ताट माडीवर मांडावे आणि वरून हाक मारावी, 'घ्या हो, संकोच करू नका!' अशा यजमानाला आपण काय म्हणू?

इंटरनेटवरील शिक्षणात आमचे औदार्य याच जातीचे आहे. २०१७ साली 'स्वयम्' आले, 'दीक्षा' आले. धडे सर्वांना मोकळे झाले. बाभुळगावात बसून मोठ्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकावे, हे आमच्या वडिलांच्या स्वप्नातही आले नसते. परंतु मोकळे झाले म्हणजे पोहोचले, असे समजणे ही शुद्ध आत्मवंचना होय.

माझा एक जुना विद्यार्थी दृष्टिहीन आहे. त्याचा फोन पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचतो. त्यावरच त्याचा अभ्यास. परवा त्याने इतिहासाचे एक फुकट टिपण उघडले, आणि फोन गप्प! ते टिपण म्हणजे नुसता कागदाचा फोटो होता. दुसरे उघडले, तो फोन भलतेच बरळू लागला. ते युनिकोडात नव्हते, जुन्या फाँटात होते; डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राच्या हाती निरर्थक चिन्हे लागतात. "गुरुजी, फुकट आहे, पण माझ्यासाठी नाही," तो म्हणाला. सांगावयास लाज वाटते, दोन्ही टिपणे माझीच होती.

कोणी विचारील, खर्च कोण करील? खर्च कसला? जुन्या ग्रंथांची गोष्ट निराळी, तेथे श्रम आहेत. पण आजचा मजकूर मुळात संगणकावरच टाइप होतो. अक्षरे हाताशी असताना त्यांचा फोटो चिकटविणे ही गरिबी नव्हे, बेपर्वाई आहे. बहिऱ्या मुलासाठी व्याख्यानाच्या चित्रफितीखाली बोललेले शब्द उमटविणे, हेही काही आकाशातले काम नव्हे.

कायद्याची सबबही चालणार नाही. अपंगांना वाचता येईल अशी प्रत नफ्याविना करण्यास २०१२ च्या दुरुस्तीपासून स्वामित्वहक्काची आडकाठी नाही. अंधांना पुस्तके मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांआधी मान्यता दिली ती भारताने. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानेही हेच बजावले आहे. दिल्लीने सही केली. गल्लीने काय केले?

यंदाच्या सुट्टीत मी माझी टिपणे पुन्हा टाइप करीत आहे. वाचकहो, आपल्या घरी कोणी शिक्षक असेल तर करंजी पुढे करताना एवढे विचारा: तुमचा धडा न पाहता वाचता येतो काय? 'नाही' म्हणाले, तर आग्रह थांबवा. आधी ताट खाली आणू द्या.