‘आम्ही जबाबदार नाही’ : पावतीवरील एक ओळ

भरतकामाच्या दुकानात ग्राहकाने स्वतःचे कापड दिले की जी पावती मिळते, तिच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा एक ओळ असते : ‘कापड खराब झाल्यास वा हरवल्यास आम्ही जबाबदार नाही.’ आमचे सभासद ही पावती ग्राहक म्हणून घेतात. आणि ज्यांच्या घरच्या भगिनी मशीनवर एम्ब्रॉयडरी किंवा आरीवर्क करून संसाराला हातभार लावतात, त्या घरांतून ती दिलीही जाते. म्हणून या ओळीची किंमत किती, हे दोन्ही बाजूंनी पाहणे भाग आहे.

‘रेल्वे आणि टपाल खातेही हेच करते ना?’ असे कोणी विचारील. नाही. टपाल खात्याला जबाबदारीतून सूट १८९८ च्या कायद्याने होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही ती आहे. पण ती संसदेने दिलेली आहे. दुकानदाराची सूट छापखान्यातून आलेली असते. शिवाय १९८९ च्या रेल्वे कायद्यात बुकिंगच्या वेळी मालाची किंमत जाहीर करून टक्केवारीचा आकार भरला, तर रेल्वेची जबाबदारी त्या किमतीपर्यंत वाढते. पार्सल ऑफिसातल्या आपल्या बांधवांना हे सांगायला नको.

दुकानाला लागू होतो तो १८७२ चा करार कायदा. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ताब्यात आलेल्या दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी, असे कलम १५१ सांगते. तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसताना जबाबदारी येत नाही, असे कलम १५२ म्हणते. म्हणजे प्रामाणिक कारागिराला कायद्याने आधीच संरक्षण दिले आहे. निष्काळजीपणा मात्र छापील ओळीने झाकता येईल, या भरवशावर कोणी राहू नये. हरवलेल्या साडीची भरपाई किमतीच्या ठरावीक टक्क्यांपुरती मर्यादित करणारी लॉन्ड्रीच्या पावतीवरची अट मद्रास उच्च न्यायालयाने सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरवली. तो निकाल १९६६ च्या निवाडासंग्रहात छापलेला आहे. आज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

पण कारागिराची अडचण खोटी नाही. मखमलीवर फ्रेमचा वळ उठतो. होजियरीत सुई धागा तोडते आणि धुतल्यावर तिथे भोक पडते. जुने रेशीम घडीवर विरलेले असते, ते ताणले की फाटते. चुकलेली नक्षी उसवली तर टाक्यांच्या खुणा राहतात. शंभर-दोनशे रुपयांच्या मजुरीत आजीच्या शालूची भरपाई कोण करणार? यावर उपाय सरसकट हात वर करणे हा नव्हे. कापड घेताना ग्राहकासमोरच ते उजेडात उलगडावे, डाग व विरलेपणा पावतीवर लिहावा, मोबाइलवर फोटो काढावा. या कापडाला नेमका कोणता धोका आहे तो आपल्या भाषेत लिहून ग्राहकाची सही घ्यावी. किंमत जाहीर करून घ्यावी आणि भारी कापडाला जादा मजुरी लावावी. इथे रेल्वेचाच धडा गिरवायला हरकत नाही. जे पेलणार नाही ते काम सरळ नाकारावे.

आम्हाला खरी काळजी आहे ती मशीनवर बसलेल्या बाईची. ग्राहकाला ‘आम्ही जबाबदार नाही’ सांगणारा मालक भरपाई द्यावी लागली की ती तिच्या मजुरीतून कापतो. तिथे मात्र जबाबदार कोण, हे त्याला लगेच सापडते! १९३६ च्या वेतन कायद्यात तत्त्व असे होते की, मालाच्या नुकसानीची कपात करायची तर तो माल कामगाराच्या स्पष्टपणे ताब्यात दिलेला हवा, नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले हवे आणि कपातीपूर्वी त्याला बाजू मांडू दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. घरी नगावर काम नेणाऱ्या बाईजवळ मात्र बहुधा कसलाच कागद नसतो. मालक तिच्याकडे कापड देतो तेव्हा ग्राहकाने सही केलेल्या पावतीची एक प्रत त्या कापडासोबत तिच्याकडे गेली पाहिजे. तिच्या घरी पोचण्यापूर्वीच असलेला डाग मग तिच्या नावावर लागणार नाही.