आधी फेलोशिप, मग पीएचडी

एमएस्सीचा निकाल लागला की मला फोन यायला सुरुवात होते. "मॅडम, एका सरांकडे जागा आहे. रजिस्ट्रेशन करून टाकू का? विषय नंतर देतो म्हणालेत." विषय मॉलिक्युलर बायोलॉजीतलाच हवा असतो, कारण त्या नावाला वजन आहे. मी एवढंच विचारते, पैसे कुठून येणार? "घरचे करतील थोडंफार" असं उत्तर आलं की मी स्पष्ट सांगते, करू नकोस.

याचा पुष्कळांना राग येतो. गरिबाच्या पोरांनी संशोधन करूच नये का, असंही मला सुनावलं गेलंय. माझे वडील सांगोल्यात डाळिंब लावायचे. मला पीएचडी परवडली ती फेलोशिपमुळे, नाहीतर एमएस्सीनंतर मी बीएड करून मोकळी झाले असते. म्हणूनच हे बोलण्याचा मला अधिकार आहे असं मी समजते.

तालुक्यातल्या गवतांची नोंद करायची तर पायपीट, वही आणि चांगली नजर यांच्या बळावर बरंच काही साधतं. रेणूंच्या पातळीवरच्या कामाचं तसं नाही. डाळिंबाच्या पानातून डीएनए काढायचा म्हणजे काय, ते सांगते. कोवळं पान खलात घालून त्यावर द्रव नायट्रोजन ओतायचा आणि भुकटी वितळायच्या आत भराभर कुटायचं. मग सीटॅब बफर, ६५ अंशांचं पाणी, क्लोरोफॉर्म. शेवटी थंडगार अल्कोहोल घातलं की पांढरे धागे दिसायला हवेत. डाळिंबाचे दिसतात तपकिरी, कारण पानातली पॉलिफिनॉल्स डीएनएला चिकटून बसतात, आणि असल्या डीएनएवर पीसीआर धड चालत नाही. बफरमध्ये पीव्हीपी वाढवा, आणखी कोवळं पान घ्या, परत करा. खरा प्रश्न अजून सुरूही झालेला नसतो, पण नायट्रोजनचा कॅन, प्रायमर, वजा २० अंशांत जपायची एन्झाइम्स, सिक्वेन्सिंगचं बिल हे सगळं सुरू झालेलं असतं. सीएसआयआरच्या फेलोशिपबरोबर आकस्मिक खर्चासाठी वर्षाला २० हजार रुपये मिळतात. त्यात हे बसत नाही. म्हणजे तुमची फेलोशिप हवीच, वर गाईडकडे चालू प्रकल्पही हवा. दोन्हींपैकी एकही नसताना नाव नोंदवलं की पोरं जेलचे फोटो उसने घेतात, किंवा चौथ्या वर्षी विषय बदलतात.

पैसे आहेत, हेच आमच्याकडच्या मुलांपर्यंत पोचत नाही. नेट म्हणजे प्राध्यापकीची परीक्षा, एवढंच त्यांना ठाऊक. त्याच सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. दोन वर्षांनी एसआरएफ झालात की ४२ हजार, सगळी मिळून पाच वर्षं. जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी नावाची वेगळी परीक्षा आहे, तिचं नाव तर वर्गात कुणी काढत नाही. ही फेलोशिप खिशात असली की पुण्यात एनसीएल, आयसर, आघारकर संशोधन संस्था, दिल्लीत एनआयपीजीआर अशा ठिकाणी मुलाखतीला ताठ मानेनं जाता येतं. एनसीएलमध्येच रजनी नाडगौडा आणि सहकाऱ्यांनी ऊतिसंवर्धनातल्या बांबूला बाटलीत फुलं आणली होती. एरवी काही दशकांनी फुलणारा बांबू, तो काही महिन्यांत फुलला. १९९० साली 'नेचर'नं ते छापलं. परदेशात जायचं तर कोलोनची माक्स प्लांक संस्था आहे, नेदरलँड्समधलं वॉखेनिंगन आहे. तिथे पीएचडी करणाऱ्याला बहुधा करार करून पगार देतात. या प्रवेशासाठी एजंटाला पैसे मोजायचे नसतात, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही फेलोशिप आहेत आणि पहिल्या पिढीतल्या मुलांना त्यांचा मोठा आधार आहे. पण त्यांसाठी विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागलेलं आपण सर्वांनी पाहिलंय. पिकावर काम करणाऱ्याला हा उशीर फार महागात पडतो. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे नमुने गोळा करायचे ते पावसाळी हवेत. जूनमध्ये यायचे पैसे डिसेंबरात आले तर सहा महिने नाही, अख्खं वर्ष जातं. हे मंत्रालयात कळत नसेल तर कुणीतरी सांगायला हवं.

आणि ही वेळ दवडण्याची नाही. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली तेव्हा हे क्षेत्र संपलं असं म्हणणारे बरेच होते. २०२२ मध्ये, परका जनुक न घालता केलेल्या जीनोम संपादनाला आपल्याकडे जीएमच्या कडक नियमांतून वगळलं गेलं, आणि मे २०२५ मध्ये 'कमला' व 'पुसा डीएसटी राइस १' हे भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. भाताचं झालं. डाळिंबाचं काय? देशात डाळिंबाखालचं सर्वांत जास्त क्षेत्र महाराष्ट्रात, सोलापुरात केंद्राचं डाळिंब संशोधन केंद्र, तरी २०१७ आणि २०१८ मध्ये डाळिंबाचे पहिले जीनोम प्रसिद्ध झाले ते चिनी वाणांचे. आपला भगवा वाण अजून तेल्याला बळी पडतोय. तूर, ज्वारी, हळद यांच्यातही असे प्रश्न पडून आहेत, आणि ते सोडवणारी मुलं आमच्याच कॉलेजांच्या मागच्या बाकांवर बसलेली आहेत.

त्यांना माझं सांगणं एवढंच. गाईडला भेटाल तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर मागा, आणि प्रकल्प कधी संपतोय ते विचारा. विचारलं म्हणून रागावणारा गाईड नकोच. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते. एकदा हुकली तर पुन्हा बसा, लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंटची जागा मिळाली तर तेवढ्या काळात तिथे हात बसवा. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर सही त्यानंतर करा.