पहाटे उठण्यापूर्वी

दरवर्षी शाळा उघडली की आम्ही शिक्षकमंडळी मुलांना एक उपदेश न चुकता करतो : पहाटे उठा आणि अभ्यासाला बसा. आमच्या गुरुजनांनी तो आम्हांस केला, त्यांच्या गुरुजनांनी त्यांस केला. परंतु पहाटे उठणाऱ्याने रात्री निजावे केव्हा, हे मात्र कोणी सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात आम्ही सहज विचारले, "रात्री दहापूर्वी कोण कोण निजते?" वर आलेले हात मोजायला एका हाताची बोटे पुरली. त्यांपैकी एक मुलगा तर पुढच्याच तासाला बाकावर डोके टेकून झोपी गेला! आम्ही त्यास उठविले नाही.

विद्यार्थिमित्रहो, नित्यनियमाचा विषय निघाला की आपल्या या हैदराबादेत एका नावाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे सावंतवाडीकडील कोलगावचे, म्हणजे आमच्याच कोकणपट्टीतले. चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते या शहरी आले आणि चित्रकार म्हणून येथे नावारूपास आले. १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. पुढे ते औंध संस्थानात गेले. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे केले होते. १८६७ साली जन्मलेले पंडितजी १९६८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून निवर्तले. अखेरपर्यंत त्यांचा वेदांचा व्यासंग चालूच होता. सूर्यनमस्कार घातले की माणूस शंभर वर्षे जगतो, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. परंतु त्या काळच्या माणसांच्या दिवसाला एक चौकट होती, आणि ती सूर्याने आखून दिलेली होती, हे खरे.

या चौकटीला आता शास्त्राचाही आधार मिळाला आहे. प्राण्यांच्या पेशींत दिवसरात्रीचे एक घड्याळ चालते. त्याची घडण उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सकाळच्या उजेडाने लावले जाते आणि रात्रीच्या झगझगीत उजेडाने मागे पडते. पौगंडावस्थेत तर ते आपोआपच थोडे उशिरा चालू लागते. म्हणून चौदापंधरा वर्षांच्या मुलास रात्री लवकर झोप येत नाही व सकाळी लवकर जाग येत नाही, हा केवळ त्याचा आळस नव्हे. आईबापांनी एवढे जरी ध्यानी घेतले तरी सकाळची निम्मी भांडणे मिटतील. या वयास आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञांचे मत आहे. आता हिशेब मांडा. शिकवणीहून आठ वाजता परतलेला मुलगा साडेअकराला निजतो आणि त्यास पाचला उठविले जाते. म्हणजे झोप झाली साडेपाच तास. मग तो चिडतो, पाठ केलेले विसरतो, क्षुल्लक कारणाने त्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि आपण म्हणतो, "हल्लीची मुले फार हळवी!"

तेव्हा ज्या घरी रात्री नऊला दिवे मालवता येत नाहीत, त्या घराने मुलास चार वाजता उठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहाटेच्या अभ्यासाची महती आम्ही नाकारीत नाही. मात्र तो झोपेच्या चोरीवर उभा नसावा.

सायंकाळी देवापाशी दिवा लावून 'शुभं करोति' म्हणण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. त्यानंतर सर्वांनी एकत्र जेवावे, दिवसभरात काय घडले ते बोलावे, आणि भ्रमणध्वनीचे यंत्र निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावे. वडिलांनी आपलेही ठेवावे, हे ओघाने आलेच. इराणी चहाचे आम्ही स्वतः भोक्ते आहोत, पण तोही मावळतीनंतर नको. खेळाविषयी काय सांगावे? मुलांना रोज तासभर घाम येईल असे खेळू द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मैदाने उरली नाहीत ही तक्रार खरी आहे. पण गच्ची आहे, गल्ली आहे.

इतके लिहून झाल्यावर एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. चांगल्या सवयी मनाला बळ देतात, परंतु मनाचे प्रत्येक दुखणे सवयींच्या अभावाने होत नाही. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणातील इंटरमीडिएट परीक्षेच्या निकालात घोळ झाला. त्यानंतर जी वृत्ते वाचावी लागली, ती कोणताही शिक्षक विसरू शकणार नाही. तो घोळ मुलांच्या वेळापत्रकाने टळला नसता. त्या वेळी त्यांना हवे होते ते कोणीतरी जवळ बसणे.

आणि जवळ बसण्याने भागत नसेल तर वैद्याकडे जाणे. आपल्या शहरात एर्रागड्डा येथे मनोविकारांचे सरकारी रुग्णालय आहे. पण आपण त्या गावाच्या नावाची शिवी करून टाकली आहे! "याला एर्रागड्ड्याला न्या" ही थट्टा आम्ही शाळेच्या पटांगणात ऐकली आहे, आणि शिक्षकांच्या खोलीतही ऐकली आहे. ज्या मुलास खरोखर मदत हवी असते, तो ही थट्टा ऐकून गप्प बसतो. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो, त्यात लाज ती कसली? ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवाही चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, विनामूल्य, आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

दोष केवळ घरांचा नाही. गृहपाठाच्या सूचना रात्री दहा वाजता भ्रमणध्वनीवरून धाडणारे शिक्षक आहेत, आणि त्यांत आम्हीही होतो. मुलगी नुकती निजली असताना वहीत राहिलेली आकृती काढण्यासाठी तिला उठवावे लागले, असे एका मातेने आम्हांस सांगितले, तेव्हा काय उत्तर द्यावे ते सुचेना. नव्या सत्रापासून सायंकाळी सातनंतर आमच्याकडून एकही सूचना जाणार नाही. सांगायचे राहिले असेल, तर ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगू.