जमा कोणाच्या खाती?

सी. एलिगन्स नावाचा एक गोलकृमी आहे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, आयुष्य दोन-तीन आठवडे. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात त्याला प्रयोगशाळेत आणले. आयुष्य वाढवणाऱ्या औषधांची पहिली परीक्षा बहुधा याच्यावर होते. औषध घातलेल्या बशीत काही कृमी ठेवायचे, बिनऔषधाच्या बशीत तितकेच, आणि ठरावीक दिवसांनी प्रत्येकाला तारेच्या टोकाने हळूच डिवचायचे. हलला तर जिवंत, न हलला तर मेला. हयातीच्या दाखल्याची इतकी सोपी रीत मी बँकेच्या नोकरीत कधी पाहिली नाही.

परंतु औषध जेव्हा प्रतिजैविक असते, तेव्हा हिशेब अडतो. कारण या कृमीचे अन्नच मुळी जिवाणू! बशीत ई. कोलायचा थर पसरलेला असतो, तोच तो खातो. म्हातारपणी हेच जिवंत जिवाणू त्याच्या घशात-आतड्यात साठतात आणि त्याला मारतात. मेलेले जिवाणू खायला घातले, तर औषधावाचूनही तो जास्त जगतो. मग वाढलेले चार दिवस कोणाच्या खाती जमा करायचे? औषधाच्या, की जिवाणूंच्या मरणाच्या? यासाठी दोन्ही बशांत आधीच मारलेले जिवाणू घालून, किंवा त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू वापरून, प्रयोग पुन्हा करावा लागतो. ही उलटतपासणी केल्याविना ताळेबंदावर सही होऊ नये.

डॉक्सिसायक्लिनची बाजूही सांगितली पाहिजे. पेशींतल्या तंतुकणिका या प्राचीन जिवाणूंच्या वंशज. म्हणून जिवाणूंची प्रथिननिर्मिती रोखणारे हे औषध तंतुकणिकांचीही मंदावते. त्यातून कृमीचे आयुष्य वाढते, असे लोझानच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडले. त्याच वर्षी लंडनहून मेटफॉर्मिनविषयी निराळीच गोष्ट पुढे आली. हे प्रतिजैविक नव्हे, मधुमेहाची गोळी. आमच्या पिढीत घरोघरी असते. तिने कृमी जास्त जगले, पण जिवाणूंमार्फत! जिवाणू काढून घेतले, तर त्याच गोळीने आयुष्य उलट घटले.

एवढे सगळे बातमीच्या मथळ्यात मावत नाही, हे मान्य. पण मथळा वाचून काय होते? आमच्या सावेडीतल्या एका सुशिक्षित, सेवानिवृत्त गृहस्थांनी चिठ्ठीशिवाय डॉक्सिसायक्लिनचे पाकीट आणले. दुकानदाराने दिलेही! या औषधाला डॉक्टरांची चिठ्ठी कायद्यानेच लागते.

आमच्या पिढीने प्रतिजैविकांचे मोल पाहिले आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून तिथेच हॅमायसिन हे बुरशीनाशक निघाले. त्या सूक्ष्मजीवाच्या नावातही पिंपरी आहे. अशी औषधे धडधाकट माणसाने आयुष्य लांबवायला रोज घेतली, तर पोटातल्या निरुपद्रवी जिवाणूंचा संहार होतो, उरलेले निर्ढावतात, आणि न्यूमोनियाने तापलेल्या एखाद्या पोराला उद्या तीच गोळी लागू पडत नाही. या पाकिटांवर २०१६पासून तांबडी उभी रेघ ओढलेली असते, ती याचसाठी.