राखेवरची घरपट्टी

दिवाळीच्या अंकात आगीची गोष्ट काढली म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. पणती लावणाऱ्या पोरीला "पदर सांभाळ गं" म्हणून बजावणारी आई ज्या घरात आहे, त्या घराला हा विषय परका नाही. शिवाय मला बोलायचे आहे ते आगीबद्दल नव्हेच. आग विझल्यावर दारात जो सरकारी कागद येतो त्याबद्दल बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीवर डोंगरातून वणवा उतरला. कोकणात फाल्गुनात गवत वाळून कोळ झालेले असते. कुणाची तरी विडी पुरते. काजू गेले, आंब्याची कलमे होरपळली आणि एका वृद्ध गृहस्थांचे घर वाशांसकट खाली बसले. मार्चअखेर आली आणि पंचायतीचा शिपाई घरपट्टीचे बिल घेऊन हजर झाला. "अरे, पण घर कुठं आहे?" म्हातारबुवांनी विचारले. शिपाई बिचारा सज्जन. म्हणाला, "आबा, इथं नाही ते मला दिसतंय हो. पण रजिस्टरात उभं आहे ना!"

त्या वेळी वाडी हसली, मीही हसलो. आपल्याकडे असेच चालायचे, पुढारलेल्या देशात असले काही नसेल, अशी माझी आपली समजूत होती.

ती समजूत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोडली. तो अमेरिकेत कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला अल्टाडेना म्हणून गाव आहे तिथे भाड्याने राहत होता. ७ जानेवारी २०२५ रोजी त्या मुलखात वाऱ्याने वेड घेतले आणि दोन मोठे वणवे पेटले. एक समुद्राकाठच्या पॅलिसेड्स भागात, दुसरा ईटन नावाच्या दरीपाशी, अल्टाडेनाच्या डोक्यावर. दोन्हींत मिळून १६,००० हून अधिक इमारती जळाल्या, निदान ३० माणसे गेली. पोरगा सुखरूप आहे. फोनवर आधी स्वतःविषयी बोलला, मग आपल्या घरमालकीण आजीबाईंविषयी, आणि मग म्हणाला, "मास्तर, इथेही घर रजिस्टरातच उभे असते!"

कसे ते ऐका. त्या राज्यात पुढच्या आर्थिक वर्षाची घरपट्टी १ जानेवारीच्या स्थितीवरून ठरते. १ जानेवारीला घर उभे होते. सातव्या दिवशी त्याची राख झाली. म्हणजे सहा दिवस आधी उभ्या असलेल्या घराची पट्टी जुलै २०२५ पासून जून २०२६ पर्यंत द्यायची! हा विनोद कायदा करणाऱ्यांनाही कळत होता, म्हणून त्यांनी आपत्तीच्या फेरआकारणीची तरतूद ठेवली आहे. नुकसान निदान १०,००० डॉलरचे, म्हणजे आपल्या आठ लाख रुपयांच्या वर असले पाहिजे आणि अर्ज बारा महिन्यांच्या आत आला पाहिजे. मग अधिकारी जळालेल्या इमारतीची किंमत वजा करतो आणि घर पुन्हा बांधून होईपर्यंत पट्टी तेवढी कमी येते. जमिनीवरची पट्टी मात्र चालूच, कारण जमीन जळत नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर, ही तर चांगलीच सोय झाली, भांडता कशाला? भांडतो ते 'सूट' या शब्दाशी. सूट म्हणजे देणे लागत असूनही सोडून दिलेले. इथे देणे लागतेच कुठे? वाण्याने रिकामी पिशवी तराजूत घालून साखरेचे पैसे मागावेत आणि गिऱ्हाईक रडू लागले की "बरं, तुम्हांला सूट" म्हणावे, तसलाच हा प्रकार! ज्या वस्तूवर कर तीच उरली नाही, तर तो कर आपोआप गळून पडला पाहिजे. त्यासाठी अर्ज कसला करायचा? आणि तोही कुणी, तर ज्याचे खरेदीखत, चष्मा आणि टाक एकाच रात्रीत जळाले त्याने!

बरे, सरकारला माहीत नव्हते म्हणावे, तर तेही नाही. आग विझते न विझते तोच राज्याच्या अग्निशमन खात्याची माणसे रस्तोरस्ती फिरली. कोणते घर पुरे गेले, कोणते अर्धे, याचा नकाशा घराघराच्या खुणेसकट साऱ्या जगासमोर मांडला गेला. एका खात्याच्या भिंतीवर घर जळालेले आणि दुसऱ्या खात्याच्या वहीत धडधाकट! अधिकाऱ्याने आपण होऊन फेरआकारणी करावी, अशी वाट कायद्यात आहे; पण तिला 'शकतो' लावला आहे. माझे म्हणणे एवढेच की तिथे 'केलीच पाहिजे' लिहा. घर उभे आहे असा ज्या अधिकाऱ्याचा दावा असेल, त्याने ते सिद्ध करावे.

दुसरे म्हणजे मुदत. गव्हर्नरांनी हुकूम काढला की जळालेल्या भागांत घरपट्टी थकली तरी १० एप्रिल २०२६ पर्यंत दंड-व्याज लागणार नाही. वर्तमानपत्रांनी याला दिलासा म्हटले. आपला शेतकरी असता तर त्याने एकच प्रश्न विचारला असता: "साहेब, तहकुबी का माफी?" हा फरक आपण फार महागात शिकलो आहोत. १९१८ साली याच मुंबई इलाख्यातल्या खेडा जिल्ह्यात पीक चार आण्यांच्या आत आले आणि नियमाप्रमाणे सारा तहकूब व्हायला हवा होता. सरकारी आणेवारी चार आण्यांच्या वर निघाली, आणि गांधीजी व वल्लभभाईंना सत्याग्रह करावा लागला. आणि तेही मागत होते ती तहकुबीच, माफी नव्हे! पुढे ढकललेले देणे पुढच्या वर्षी दारात उभेच असते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत लागली. अल्टाडेनाच्या पश्चिम भागात काळ्या लोकांची कुटुंबे १९६०-७० च्या सुमारास घरे घेऊन स्थिरावली, कारण दुसरीकडे त्यांना कुणी घर विकत नसे, सावकार कर्ज देत नसे. १९७८ च्या लोकमताने तिथल्या आकारणीची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर रोखली, म्हणून जुन्या मालकांची पट्टी थोडकी. जळालेले घर पूर्वीसारखेच बांधले तर जुनीच आकारणी राहते, हेही खरे. पण बांधायचे कशाने? ज्याच्यापाशी बांधायला पैसा आहे त्याच्यासाठीच ती सवलत. आमच्या पोराची घरमालकीण पंचाहत्तरीची. ती प्लॉट विकायचा विचार करते आहे. दुसरे घर घेतले तर जुनी आकारणी तिकडे नेता येते म्हणे. पण त्यालाही आधी घर घ्यावे लागते!

आणि भाडेकरू? त्याने वर्षानुवर्षे भाड्यातून मालकाची घरपट्टीच भरली. पण रजिस्टरात त्याचे नाव नाही, म्हणून घरपट्टीच्या कायद्यात त्याला काही नाही.

पॅलिसेड्स म्हणजे सिनेमानटांची वस्ती, त्यांना कसली सवलत, असे आपल्याकडेही काहीजण म्हणाले. श्रीमंताचे घर जळाले तरी घर जळालेच. नसलेल्या घराची पट्टी त्याच्याकडूनही घेऊ नये. मदत मात्र गरज पाहून द्यावी, आणि ती वेगळ्या खात्यातून. या दोहोंची गल्लत झाली की श्रीमंताला मोठी सूट मिळते आणि भाडेकरूला सहानुभूती.

राहता राहिला शाळेचा प्रश्न, आणि तो मी मास्तर असल्यामुळे टाळणार नाही. तिथल्या शाळा आणि आगीचे बंब घरपट्टीवर बऱ्याच अंशी चालतात. ती घटली तर भरपाई साऱ्या राज्याने करावी. ज्या गावाची शाळाच जळाली त्या गावाच्या राखेतून शाळेचा खर्च काढू नये.

आमच्या वाडीतल्या आबांनी काय केले, ते सांगायचे राहिले. त्यांनी बिल भरले. मी चिडून विचारले तेव्हा म्हणाले, "अरे, नाही भरलं तर घराचा नंबर जाईल. मग मुलगा मुंबईहून येईल तेव्हा बांधायचं कुठल्या नंबरावर?" मुलगा अजून आलेला नाही. पावत्या आबांनी गोठ्यातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत.